दहा मावळे आणि एक बेट

पुण्यात गुपित राहत नाही, असा या शहराचा जुना लौकिक आहे. वाड्यांच्या दिवसांत तर ते राहणे शक्यच नव्हते. एका चौकाभोवती आठ बिऱ्हाडे, मध्ये एक सामाईक नळ आणि वरच्या मजल्यावर सगळ्यांच्या दारांवरून जाणारी एकच गॅलरी. कुणाकडे पाहुणा आला, किती दिवसांसाठी आला आणि पिशवीतून काय घेऊन आला, हे तो जिना चढून वर पोहोचण्यापूर्वी साऱ्या वाड्याला ठाऊक झालेले असे. इंग्रजी रहस्यकथेला लागतो तसा बंद खोलीतला खून अशा ठिकाणी करायचे कुणी मनात आणले असते, तर त्या बिचाऱ्याला वाटेत निदान दोन घरी चहा घ्यावा लागला असता!

आणि गंमत अशी, की या शहरातला सर्वांत गाजलेला खून शहरातल्या सर्वांत मोठ्या वाड्यातच झाला, आणि तोही दिवसाढवळ्या. ३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात गारद्यांनी गाठले. १८२८ च्या आगीनंतर आज त्या वाड्याचा तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत आलेली मुले त्या जोत्यांवरून उड्या मारत असतात आणि कुणीतरी काका त्यांना नारायणरावांच्या हाकेची गोष्ट सांगत असतो. 'ध'चा 'मा' झाला, असे आपण सारेच लहानपणापासून ऐकतो. त्याला अस्सल पुरावा नाही, असे इतिहासकार बजावून सांगतात. पण वाक्प्रचार होऊन बसलेल्या गोष्टीपुढे इतिहासकारांचे फारसे चालत नाही.

या खुनावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी' रंगभूमीवर आणले. मला या नाटकाविषयी एका गोष्टीचे नेहमी कुतूहल वाटत आले आहे. खून कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून केला, हे त्या काळच्या प्रेक्षकाला तिकीट काढण्याआधीच ठाऊक असणार. मग तो नाटकाला येत होता तो कशासाठी? माझे उत्तर असे, की तो रामशास्त्री प्रभुण्यांसाठी येत होता. प्रत्यक्ष सत्ताधीशाला 'तुला देहान्त प्रायश्चित्तच' म्हणून सांगणारा आणि पुणे सोडून जाणारा तो न्यायाधीश त्याला पुन्हा पुन्हा पाहायचा होता. राघोबांना ती शिक्षा भोगावी लागली नाही, हेही त्याला ठाऊक होतेच.

खुनाचा तपास रंगमंचावर करण्याची मराठीतली ओळख याच्याही आधीची. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली. त्याचे काही काम त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात केले होते. पुढे शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी यांनी हॅम्लेट असा उभा केला, की जुनी माणसे त्यांचे नाव कानाला हात लावून घेत. या नाटकात हॅम्लेट आपल्या चुलत्याचे पाप उघडे पाडण्यासाठी त्याच्यासमोर एक नाटक करवतो, आणि त्या नाटकाचे नाव विचारल्यावर 'उंदराचा सापळा' म्हणून सांगतो. तेच नाव उचलून अगाथा ख्रिस्तीबाईंनी आपल्या नाटकाला दिले. ते 'द माउसट्रॅप' नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनला सुरू झाले आणि २०२० सालच्या साथीतला खंड सोडला, तर अजूनही चालूच आहे. खेळ संपला की खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती तिथल्या प्रेक्षकांना केली जाते. अशी विनंती पुण्यात करून पाहावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

तो योग २०१९ च्या पावसाळ्यात आला. आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींची एक हौशी नाटकमंडळी आहे. कुणी बँकेत, कुणी संगणकाच्या कंपनीत, एक मुलगी वकिलीत. त्यांतली दिग्दर्शन करणारी मुलगी एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, "सर, ख्रिस्तीचं दहा माणसांचं नाटक करायचंय. मराठी तुम्ही करून द्या." हे म्हणजे 'अँड देन देअर वेअर नन'. मूळ कादंबरी १९३९ सालची. बाईंनी स्वतःच तिचे नाटक केले आणि १९४३ साली, ऐन युद्धात, ते लंडनच्या रंगभूमीवर आले. आपल्याकडे 'गुमनाम' या १९६५ च्या चित्रपटामुळे त्याची सावली घरोघर पोहोचली आहे. गोष्ट थोडक्यात अशी: दहा अनोळखी माणसांना कुणीतरी एका बेटावर बोलावतो. प्रत्येकाच्या हातून पूर्वी कुणाचा तरी मृत्यू घडलेला आहे आणि तो असा, की कायद्याला हात लावता येऊ नये. मग एकेक जण मरू लागतो. दिवाणखान्यात दहा शिपायांच्या बाहुल्या असतात. माणूस मेला की एक बाहुली नाहीशी होते.

रीतसर परवानगी मागितली आणि तिची वाट पाहत असतानाच मी कामाला लागलो. इंग्रजी घर मराठीत आणणे हे भाषांतराहून अवघड काम आहे. आपल्याकडे बटलर कुठून आणायचा? तिथे कोकणातला बंगला राखणारा गडी आणि त्याची बायको आली. बायबल हातात धरणारी कर्मठ बाई होती, तिच्या जागी कडक सोवळ्याच्या मावशी आल्या. त्यांनी अडचणीत सापडलेल्या मोलकरणीला घराबाहेर काढले होते, आणि अशा मावशी शोधायला मला लांब जावे लागले नाही. निवृत्त लष्करी अधिकारी तर पुण्याला काही नवीन नाही. बेट तुटते कशाने, हा प्रश्न मात्र आपल्या समुद्राने चुटकीसरशी सोडवला. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात घालत नाहीत. मूळ नाटकातल्या वादळापेक्षा हा अडसर मला अधिक बळकट वाटला. वादळ दोन दिवसांत ओसरते. पौर्णिमा तिच्या तिथीलाच येणार. काळ १९६० च्या आसपासचा धरला, म्हणजे खिशातल्या फोनचा उपद्रव नको.

शिपायांच्या बाहुल्यांचे काय करायचे, यावर मात्र आम्ही आठवडाभर अडलो होतो. वकीलबाईंनीच तोड काढली. "सर, किल्ल्यावरचे मावळे ठेवू या." पुण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला याहून जास्त सांगायला नको. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला, त्यावर अळीव पेरलेले, सिंहासनावर महाराज आणि बुरुजाबुरुजांवर मातीचे मावळे! लहानपणी ज्यांना आपण पहाऱ्यावर बसवले, तेच मावळे फळीवरून एकेक करून नाहीसे होताना पाहणे, यात एक वेगळीच धास्ती होती. आम्ही भर पावसात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात गेलो. एका बाईंनी मागच्या खोलीतून गेल्या दिवाळीतले उरलेले तीस मावळे काढून दिले, आणि आता कुणाचा किल्ला, असे विचारले. खरे ते सांगितल्यावर त्यांनी पैसे मोजून घेतले आणि पुढे काही विचारले नाही. ग्रामोफोन जुन्या बाजारात मिळाला. तो वाजत नव्हता. आतून आमचा छोटा स्पीकर बोलत असे.

नाटक कुठे करायचे, हा प्रश्न पडलाच नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून मोठ्या नाटकांचे घर आहे, आणि व्यावसायिक मंडळी अशी नाटके मोठ्या थिएटरात उत्तम करतात. फ्रेडरिक नॉटच्या 'डायल एम फॉर मर्डर'चे नीरज शिरवईकरांनी केलेले आणि विजय केंकऱ्यांनी बसवलेले 'अ परफेक्ट मर्डर' हे अलीकडचे उदाहरण. पण पुण्याला छोट्या रंगमंचांचीही सवय आहे. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेतले ज्योत्स्ना भोळे सभागृह. अलीकडे त्यांत 'द बॉक्स' आणि श्रीराम लागू रंग-अवकाश यांची भर पडली आहे. आम्ही पेठेतलीच अशी एक लहान जागा घेतली. शंभर-सव्वाशे खुर्च्या, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले, तर ते बेटावर यावेत इतके अंतर.

अशा जागेत खून करणे फार कठीण असते. प्रेताचे काम करणाऱ्याचा श्वास दिसतो, आणि डास त्याला प्रेत मानत नाहीत. शेजारच्या इमारतीतला कुकर नेमका विष दिल्याच्या क्षणी शिट्टी करतो. पण खरी अडचण मावळ्यांची होती. पहिल्याच खुनानंतर प्रेक्षकांना कळते, की फळीकडे लक्ष ठेवायचे. सव्वाशे माणसे मावळे मोजत बसलेली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सहा-सात फुटांवरून एक मावळा गेला पाहिजे! अंधार करून पाहिला, तर तालमीला आलेल्या पाहुण्याने लगेच मोबाइलचा उजेड पाडला. शेवटी दिग्दर्शिकेने जादूगारांचे शास्त्र वापरले: नट जिकडे पाहतो, तिकडे प्रेक्षक पाहतो. जादूगार रघुवीरांच्या गावात हे नव्याने शिकवायला नको होते. कुणी कपबशी पाडी, कुणी दारावरच्या थापेने दचके, आणि तेवढ्यात मावळा गेलेला असे. यात तिने आणखी एक खुबी केली, ती मला अजून आवडते. मावळा दर वेळी निराळाच नट उचलत असे. पुष्कळदा तो ज्याने काहीच केलेले नाही असा माणूस असे. म्हणजे एखाद्या चाणाक्ष प्रेक्षकाने हात पकडला, तरी त्याचा संशय भलतीकडेच जावा. मूळ लेखिकेलाही हे पसंत पडले असते.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. तेव्हा महाराष्ट्रात कुठल्याही नव्या रहस्यनाटकातला खुनी कोण, हे प्रेक्षकांच्या आधी सरकारला कळते, असे म्हणायला हरकत नाही.

मंडळी मोडायची वेळ आली ती शेवटावरून. कादंबरीत अखेर बेटावर कुणीच उरत नाही. हे तिच्या नावातच आहे. नाटक करताना बाईंनी शेवट बदलला आणि थोडा उजेड ठेवला, कारण कुणीच उरले नाही, तर घडलेले सांगणार कोण? आज दोन्ही शेवट करता येतात. ज्यांनी पदरचे पैसे घातले होते, ते आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "लोक मुलाबाळांना घेऊन येतात. घरी जाताना काहीतरी बरं वाटायला नको का?" दिग्दर्शिकेला कादंबरीचाच शेवट हवा होता. ती म्हणाली, "काका, या दहा जणांनी ज्यांना मारलं, त्यांना कुठे बरं वाटलं?" दोन तालमी बंद पडल्या. पैसे काढून घेण्याची भाषा झाली. मला विचारले, तेव्हा मी मुलीच्या बाजूने बोललो. मनात रामशास्त्री होते. कायदा जिथे हात टेकतो, तिथे शिक्षा द्यायची कुणी, हा प्रश्न या नाटकाचा कणा आहे. गोड शेवटाने तो प्रश्न निघून जातो. गृहस्थ तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, आपले संवाद म्हणाले आणि शेवटाबद्दल पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत.

पहिला प्रयोग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होता. खडकवासल्यातून पाणी सोडलेले, मुठा दोन्ही काठांना लागलेली आणि भिडे पूल पाण्याखाली. निम्मे प्रेक्षक पुलांवरून वळसे घेऊन, ओल्या छत्र्या सांभाळत आले. पहिल्या अंकात 'होडी आता येत नाही' हे वाक्य आले, तेव्हा सभागृहात जी कुजबुज झाली, तिचे श्रेय माझ्या भाषांतराला नव्हते. शेवटचा मावळा गेला तेव्हा मात्र कुणी हलले नाही. पडदा नव्हताच, दिवे मंद होत विझले. टाळी पडायला इतका वेळ लागला, की विंगेत आमची दिग्दर्शिका रडायच्या बेतात आली होती. मग टाळ्या झाल्या आणि तिने पुढे येऊन हात जोडले: "एकच विनंती. खुनी कोण, ते कृपया बाहेर सांगू नका."

दुसऱ्या रांगेतल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते नाही सांगत. पण मला आधी हे सांगा, असं करायचा अधिकार दिला कुणी?"

झाले! माणसे बाहेर पडली ती पावसात, छत्र्या उघडून तिथेच उभी राहिली. जे पाप कोर्टात सिद्ध होत नाही, त्याचे करायचे काय? मोलकरणीला हाकलणे हा खून मानायचा का? कुणी राघोबांचे नाव काढले, मग रामशास्त्री आले, मग आनंदीबाईंवर अन्याय झाला म्हणणारे एक गृहस्थ तावातावाने बोलू लागले. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याने बंद करायला घेतलेला स्टोव्ह पुन्हा पेटवला. रस्त्याने जाणाऱ्या एखाद्याने कान दिला असता, तर आत पेशवाईवर व्याख्यान झाले असावे, असेच त्याला वाटले असते. बेटावरच्या खुन्याचे नाव मात्र त्या तासाभरात एकदाही निघाले नाही.

दुसऱ्या प्रयोगाला काही जण पुन्हा आले. या वेळी त्यांनी शेजारी बसायला भाऊ, वहिनी, मेहुणे आणले होते आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे ते नाटकाइकेच पाहत होते. "तुझा अंदाज चुकणार," एवढेच एक जण मध्यंतरात वहिनींना म्हणाला. तिसऱ्या प्रयोगाला तिकिटे उरली नाहीत. बँकेतल्या गृहस्थांचे पैसे सुटले. नफा असा झाला नाही. हिशेबाची वही मिटताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षी 'भाऊबंदकी' करू या. शेवट बदलायचा प्रश्नच येत नाही."

तीस मावळ्यांपैकी चार तालमींत फुटले. उरलेले त्या दिवाळीत मंडळींच्या घरच्या किल्ल्यांवर गेले.