दूध न पचणारी माणसं

कोजागरीला आटीव मसाला दूध प्यायचं आणि पहाटेपर्यंत पोट गुडगुडत राहायचं, असं होणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. 'तुझं पोटच नाजूक' म्हणून त्यांची बोळवण होते. शरीरविज्ञानावर लिहिताना हे वाक्य मला सतत भेटतं आणि दरवेळी ते खोडून काढावंसं वाटतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती तोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. गाय, मांजर, उंदीर, कोणीही घ्या. अंगावरचं पिणं सुटलं की हे विकर ओसरू लागतं. माणसाचीही मूळ रीत तीच आणि जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत ती आजही टिकून आहे. न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जीवाणू तिचा फडशा पाडतात आणि पोटात वायू धरतो. त्यातला थोडा हायड्रोजन रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. आपल्या पेशी हा वायू बनवत नाहीत. म्हणून लॅक्टोज प्यायला देऊन नंतर श्वासातला हायड्रोजन मोजला की आतड्यात काय चाललंय ते कळतं. मला ही तपासणी फार देखणी वाटते.

मोठेपणी दूध पचणं हा नंतर घडलेला जनुकीय बदल. भारतीयांच्या जनुकांवरचा एक मोठा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. युरोपात आढळणारा बदलच भारतातही मुख्यत्वे दिसतो, वायव्येकडे आणि पशुपालक समाजांत जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. पण दुधाचा वापर या बदलासाठी थांबला नव्हता. ब्रिस्टल विद्यापीठाचे रिचर्ड एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या प्राचीन खापरांत मुरलेली दुधाची चरबी तपासली. त्यांच्या 2022 च्या निबंधानुसार, हा बदल सर्रास होण्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणसं दूध वापरत होती.

ते पचवण्याची एक वाट आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. विरजण लावलं की जीवाणू लॅक्टोजचं आम्ल करू लागतात. दह्यात साखर घटते, संपत नाही. पण दह्यातले जिवंत जीवाणू स्वतःचं विकर घेऊन पोटात जातात आणि उरलेली तोडायला मदत करतात. ताकात पाणी पडल्याने घोटागणिक ती आणखी कमी. लोणी कढवून केलेल्या तुपात तर जवळपास नसतेच. जनुकांना जे साधायला हजारो वर्षं लागली, ते घरच्या बायकांनी एका रात्रीत दह्याच्या कवडीवर साधलं. याला मी विज्ञानच म्हणतो.

तेव्हा दूध सोसत नाही म्हणणाऱ्या मुलाला किंवा आजोबांना पेला संपवायची सक्ती करू नका. त्रास नेहमीचा असेल तर डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. कॅल्शियमची काळजी वाटत असेल, तर 100 ग्रॅम नाचणीत ते 300 मिलिग्रॅमहून जास्त असतं. त्यांना भाकरी वाढा आणि सोबत ताक द्या.