तिसऱ्या माशाचा प्रश्न

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे मिरवणाऱ्या, डुलत डुलत पोहणाऱ्या एका लहानशा माशाला इंग्रजांनी ‘क्लाउनफिश’, म्हणजे विदूषक मासा, असे नाव दिले. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि हा विदूषक जगभरच्या मुलांचा लाडका झाला. परंतु ज्याने घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी सांभाळली आहे, त्याला ठाऊक असते, की विदूषकाच्या वेषातील हा जीव कडक शिस्तीचा आणि प्रसंगी निष्ठुर असा गृहस्थ आहे. त्याची निवड केवळ रंग पाहून करू नये. त्याच्या घरची रीत आधी समजून घ्यावी.

ती रीत अशी. निसर्गात हा मासा समुद्रपुष्पाच्या विषारी शुंडकांमध्ये राहतो. त्या शुंडकांचा दंश इतर माशांना सोसत नाही. याला मात्र तेच घर आणि तीच तटबंदी. एका समुद्रपुष्पात बहुधा एकच कुटुंब नांदते. त्यात सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालोखाल तिचा नर आणि त्यांच्यानंतर उतरत्या क्रमाने काही लहान मासे. ही लहान मंडळी त्या जोडप्याची पिल्ले नसतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले प्रवाहाबरोबर दूर वाहून जातात आणि कुठल्या तरी परक्या दारी आश्रय मागतात. मादी मरण पावली, की तिचा नर काही काळाने स्वतःच मादी होतो आणि रांगेतील पुढचा मासा नराची जागा घेतो. आरंभी मादी कोणीच नसते. ज्याची पायरी सर्वांत वरची, तो मादी होतो. चित्रपटातील निमोच्या पित्याला निसर्गनियम लावला असता, तर कथेचे काय झाले असते, हा विचार वाचकांनीच करावा.

आमच्या वसईचा समुद्र गढूळ. प्रवाळाचे निळे, नितळ पाणी आम्ही चित्रांतच पाहिलेले. त्यामुळे मुलाने दिवाणखान्यात दोनशे लिटरची पेटी मांडली, तेव्हा तो सोहळाच झाला. मीठ मोजून पाणी तयार करणे, त्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास राखणे, उष्णता पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवणे, हे सारे तो निष्ठेने करू लागला. माशांविना पाच-सहा आठवडे गेले. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे कमी घातक द्रव्यात रूपांतर करणारे सूक्ष्म जीव दगडांवर आणि वाळूत वाढावे लागतात. ते वाढले नाहीत, तर पहिलाच मासा दगावतो. नातवंडांना हा काळ मोठा कठीण गेला. रोज शाळेतून आल्यावर ती तिघे रिकाम्या पेटीसमोर बसत आणि आपापल्या माशाचे नाव ठरवीत. प्रत्येकाचा एक, असे तीन क्लाउनफिश आणायचे, हा त्यांचा ठराव एकमताने झाला होता.

तेथेच खरा प्रश्न उभा राहिला. मर्यादित पेटीत तीन क्लाउनफिश सोडले, तर पुढे त्यांतील दोघांची जोडी जमते आणि तिसऱ्याचा छळ सुरू होतो. समुद्रात हाकलून दिलेल्याला निदान दुसरे दार शोधता येते. काचेच्या चार भिंतींत पळून जायला जागा नाही. तो कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी लपून राहतो, अन्न टाकतो आणि एके दिवशी फाटलेल्या परांनिशी तळाशी सापडतो. तीन मुलांपैकी एकाच्या माशाला हे मरण निश्चित होते. ते कोणाच्या वाट्याला येईल, एवढेच काय ते अनिश्चित होते.

म्हणून दोनच आणायचे ठरले. आता जात कोणती? या माशांच्या सुमारे तीस जाती आहेत आणि त्यांचे स्वभाव सारखे नाहीत. मरून रंगाचा, गालावर काटा असलेला क्लाउन दिसायला राजबिंडा. पण त्याची मादी वीतभर होते आणि पेटीतील इतरांना नकोसे करून सोडते. टोमॅटो आणि क्लार्की या जातीही वयानुसार दांडगट होतात. इतर माशांसोबत नांदण्यास त्यातल्या त्यात सौम्य तो ऑसेलॅरिस. अंदमानापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंत आढळणारा हा मासा चित्रपटामुळे सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. त्याच्यासारखाच दिसणारा पर्क्युलाही चांगला. पण किमतीने चढा. दोन भिन्न जाती एकाच पेटीत मात्र ठेवू नयेत. मासा शक्यतो पैदास केंद्रात जन्मलेला घ्यावा. आपल्या देशातही मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांत क्लाउनफिशची पैदास यशस्वी झाली आहे. असा मासा पेटीतील जीवनाला सरावलेला असतो, दिलेले अन्न लगेच खातो आणि त्याच्यासाठी समुद्रातील कोणाचे घर उजाड झालेले नसते. समुद्रपुष्प आणण्याचा हट्ट नवख्याने धरू नये. त्याला प्रखर प्रकाश आणि जुनी, स्थिरावलेली पेटी लागते. क्लाउनफिश त्याच्याविना सुखाने राहतो.

दोन्ही मासे लहान वयाचे, परंतु आकाराने असमान निवडले. असमानता येथे उपकारक ठरते. बरोबरीचे दोन मासे वरच्या पायरीसाठी झुंजत राहतात. लहान-मोठे असले, की निवाडा आधीच झालेला असतो. काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून, रोग नाही याची खात्री करून, मग त्यांना पेटीत सोडले. मोठा अंगावर धावून गेला, तेव्हा नातवंडे घाबरली. पण धाकट्याने एका कुशीवर कलून सारे अंग थरथरविले. ही त्याची शरणागती. एवढे केले, की मोठ्याचे समाधान होते. असा किरकोळ पाठलाग चालायचाच. पर फाटू लागले किंवा धाकटा उपाशी राहू लागला, तर मात्र वाट पाहू नये. दांडगटालाच काही दिवस भोके असलेल्या टोपलीत घालून पेटीतच अडकवून ठेवावे आणि दगडांची मांडणी बदलावी. परत येताच जुनी हद्द सापडली नाही, की त्याचा तोरा उतरतो.

तिसऱ्या, सर्वांत धाकट्या नातीसाठी वाळूत बीळ करून राहणारा पिवळा गोबी आणला. तो तळाशी असतो, विदूषक वर असतात. एकाचे घर दुसऱ्याला नको. माशांचे बहुतेक तंटे जागेचे असतात, हे तेव्हा नीट उमगले. आज तो गोबी नातीच्या हातचा घास टिपायला बिळाबाहेर येतो आणि मादी झालेला मोठा क्लाउन काच पुसणाऱ्या माझ्या हाताला चावे घेतो.

या माशांविषयी वाचताना एक गोष्ट मनात रुतून बसली. पीटर बस्टन या शास्त्रज्ञाने पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात पर्क्युला जातीच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. रांगेतील प्रत्येक मासा वरच्यापेक्षा ठरावीक अंतराने लहान राहतो. अन्न नाही म्हणून तो खुंटतो असे नाही. तो आपली वाढ स्वतःच आवरून धरतो. वाढला, तर वरच्याला प्रतिस्पर्धी वाटेल आणि घराबाहेर काढला जाईल, हे भय त्यामागे असते. वरची जागा रिकामी झाली, की तोच मासा भराभर वाढू लागतो.

हे वाचले आणि मला धाकटी आत्या आठवली. आमच्या घरात चार भाऊ एकत्र नांदले आणि कधी मोठ्याने शब्द झाला नाही, असे गावात अजून कौतुकाने सांगतात. भावांच्या शाळेसाठी चौथीतून काढलेली, लग्नावाचून राहिलेली आत्या पडवीत निजत असे आणि सर्वांची पाने उठल्यावर जेवत असे. कोणी काही विचारले, की ‘तुम्ही ठरवा’ म्हणे. पुढे भाऊ वेगळे झाले, एकेक करून निवर्तले आणि साठी उलटलेली आत्या जुन्या घरात एकटी उरली. तेव्हा तिने वाडीतील केळीचा हिशेब हाती घेतला, मजुरांना दरडावू लागली, वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागली. म्हातारपणी हिला हे काय सुचले, असे लोक म्हणत. सुचले नव्हते, ते तिच्यात पहिल्यापासून होते.

माशांची शांतता याच नियमावर उभी आहे आणि त्यांना दुसरा पर्याय नाही. पेटी मांडणाऱ्याला तो असतो. जागा वाढविता येते, संख्या आवरता येते, तिसऱ्यासाठी वेगळे बीळ शोधता येते. घरात भांडण नाही, असे कोणी अभिमानाने सांगितले, की हल्ली मी त्या घरातील सर्वांत लहान पान कोणाचे, ते पाहतो.