उशीर झाला?

‘उशीर झाला?’ हे दोन शब्द मी गेल्या वर्षभरात नवऱ्याला किती वेळा विचारले असतील, मोजलेलं नाही. प्रश्न साधा आहे. ट्रॅफिक असतो, रिलीज असते, मलाही होतोच की उशीर. पण आमच्या घरात त्या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न उभा असतो, आणि तो आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी माफ केलंय. तसं मी त्याला सांगितलंय.

मागच्या महिन्यात आर्थर मिलरचं ‘द क्रुसिबल’ वाचलं. नाटक १९५३चं, घडतं १६९२च्या सेलममध्ये. प्युरिटन वस्ती, चेटकाचे आरोप, फाशी. मॅकार्थीच्या काळाबद्दलचं राजकीय नाटक म्हणून हातात घेतलं होतं (आम्हा इंजिनियरिंगवाल्यांचं नाटक म्हणजे फिरोदिया, त्यापुढे फारसं नाही). पण मी अडकले ती दुसऱ्या अंकातल्या स्वयंपाकघरात.

जॉन प्रॉक्टर शेतावरून उशिरा घरी येतो. वर एलिझाबेथ मुलांना गाणं म्हणून झोपवतेय. तो चुलीवरचं कालवण चाखतो, पटत नाही, चिमूटभर मीठ टाकतो. तिची पावलं वाजताच बाजूला होऊन हात धुवायला लागतो. ती येते आणि विचारते, एवढा उशीर का? मग जेवताना तो म्हणतो, चव छान जमलीये. ती लाजते, खूश होते.

पुढची काही पानं दोघं पिकाबद्दल बोलतात, कालवड घेण्याबद्दल बोलतात. त्याला तिला खूश करायचंय, ती ‘हो’ म्हणते. तो जवळ येतो, ती मागे सरत नाही, पण पुढेही येत नाही. भांडण कुठेच नाही. तरी वाचताना माझे खांदे आखडले होते.

मग त्याच्या तोंडून निसटतं, की अ‍ॅबिगेल त्याच्याशी बोलली तेव्हा दोघं एकटेच होते. याआधी त्याने सांगितलेलं वेगळं होतं. एलिझाबेथ बरोबर तेवढंच पकडते. दोन लॉग जुळत नाहीत हे मलाही असंच लगेच दिसतं, नोकरीच आहे ती. तो चिडतो, घराचं कोर्ट झालंय म्हणतो. ती म्हणते, न्यायनिवाडा मी करत नाहीये. हे मीही म्हटलंय. म्हणताना खरंच वाटतं.

त्या समाजात हे नुसतं घरातलं दुखणं नव्हतं. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१च्या कायद्यात व्यभिचाराला देहदंड होता. त्यामुळे पाद्री घरी येऊन दहा आज्ञा म्हणायला सांगतो आणि प्रॉक्टरला नऊच आठवतात, ते हसण्यावारी नेता येत नाही. दहावी, नेमकी तीच, बायको हळूच सांगते. पुढे कोर्टात तीच बाई नवऱ्याची अब्रू राखायला आयुष्यातलं एकमेव खोटं बोलते, आणि तो बुडतो. ती कधी खोटं बोलत नाही, हे त्यानेच आधी कोर्टाला सांगून ठेवलेलं असतं.

इथवर मी मिलरबरोबर होते. शेवटच्या अंकात मात्र तुरुंगात एलिझाबेथ दोषाचा वाटा स्वतःकडे घेते: आपलंच घर थंड होतं म्हणून. मी पुस्तक मिटलं. हे प्रकरण मुळात मिलरने रचलेलं. खरा प्रॉक्टर साठीचा होता, खरी अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची. १९ ऑगस्ट १६९२ला तो फासावर गेला. एलिझाबेथ गरोदर होती म्हणून वाचली. अपराध पुरुषाचा, तोही लेखकाने त्याला दिलेला, आणि कबुली बाईच्या तोंडी? अजूनही मला ते पटत नाही. राग आहेच.

पण रागाने ते पान पुसलं जात नाही. आमच्या घरात गारठा आहे, आणि तो कोणी आणला हे मला तारखेसकट सांगता येतं. तो अजून का आहे, हे तितक्या खात्रीने नाही सांगता येत.

गुरुवारी तो साडेनऊला आला. मी आमटी गरम करत होते. काहीच विचारलं नाही, ठरवूनच. तो बेसिनपाशी गेला, नळ सोडला, आणि माझ्याकडे पाठ करून सांगायला लागला: मीटिंग लांबली, मग पाऊस, मग कॅब मिळेना, कोणकोण होतं बरोबर.

मी काहीच विचारलं नव्हतं.