सुट्या भागांची पत्रिका
आमच्या इंदुरातील घरी सध्या पत्रिका जुळविणे चालू आहे. वधूवरांची नव्हे, संगणकाच्या सुट्या भागांची. धाकट्या चिरंजीवांस खेळांसाठी संगणक स्वहस्ते जुळवावयाचा आहे. पुण्यास नोकरीस असलेल्या थोरल्याने पहिल्या पगारातून त्यास डीडीआर४ रॅम घेऊन दिली. २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड घ्यावा, तर तो केवळ डीडीआर५ स्वीकारतो. दोन्ही पट्ट्यांना पिना २८८च. परंतु मधली खाच किंचित सरकलेली, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही! जुना एएम४ घेतल्यास भावाची भेट कामी येते, वाचलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्डही बरे मिळते; पुढे नव्या पिढीचा प्रोसेसर मात्र त्यात चढणार नाही. आमचा कौल एएम४ला. सौ.चे म्हणणे एवढेच, की पॉवर सप्लायवर काटकसर नको. ते चिरंजीवांनी निमूटपणे मानले. आमच्या मतावर विचार चालू आहे.