फडताळाचा जीर्णोद्धार

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ असें वडील मंडळी म्हणत. त्यांत ‘फडताळ पाहावें घासून’ एवढें तिसरें कलम आम्ही स्वानुभवानें जोडूं इच्छितों.

उदगिरांतील आमचें घर माळवदाचें. स्वयंपाकघरांतील भिंतींत बसविलेलें सागवानी दारांचें फडताळ आमच्या मातुःश्रींच्या वेळचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हांपासून त्याचें एक दार नीट मिटत नसे. यंदा सूनबाईंनीं नव्या धर्तीच्या कपाटांची गोष्ट काढली. सुताराचा अंदाज ऐकून आमच्या निवृत्तिवेतनास घाम फुटला. जन्मभर मुलांकडून धातुरूपें घोटवून घेतलीं, तेथें एका फडताळाचा काय पाड, अशा ऐटींत आम्हीच कंबर कसली!

पहिल्याच दिवशीं प्रमाद घडला. दारांवरचा जुना हिरवा रंग आम्ही कोरडाच घासूं लागलों. विज्ञान शिकविणारे एक स्नेही सहज आले, त्यांनीं हात धरला. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस घातक. घरगुती रंगांतील शिशावर दहा लक्ष भागांस ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. हा रंग तर त्यापूर्वींचा! आमचा दोन वर्षांचा नातू दारांतच रांगोळीच्या पिठाप्रमाणें ती धूळ चिवडीत बसला होता. आम्ही ओशाळलों. बाळास तत्काळ न्हाऊं घालून दूर नेलें. पुढील घासणें ओल्या काचकागदानें केलें, गाळ पिशवींत बांधला व फरशी ओल्या फडक्यानें पुसली.

मग सोड्याच्या ऊन पाण्यानें तेलकट थर काढला. बिजागरीचे स्क्रू सैल झाले होते. त्या भोकांत सरस लावलेल्या लांकडी काड्या ठोकून स्क्रू पुन्हा आवळले. शेवटीं जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. हें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश घट्ट होतें. त्यांत उष्णता निघते, म्हणून तेलाचीं फडकीं बोळा करून टाकूं नयेत, तीं आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवावीं. खर्च अठराशें रुपयांच्या आंत.

तिसऱ्या दिवशीं मात्र आमची पाठ सरळ होईना. सौ. हंसून म्हणाल्या, “अहो, तुम्ही तीन दिवस वाकलांत. त्या खालच्या फळीपाशीं मी अडतीस वर्षें वाकतें आहें.”

आम्ही निरुत्तर झालों. मातुःश्री चुलीपुढें बसून रांधीत. खालची फळी त्यांच्या हाताशीं असे. पुढें ओटा आला, स्वयंपाक उभा राहिला, फळी मात्र खालींच राहिली. व्याकरणांतला अनुस्वार न चुकणाऱ्या आमच्या दृष्टीस हें कधीं दिसलें नाहीं!

दुसऱ्या दिवशीं कमरेच्या उंचीवर एक नवी फळी ठोकली. रोजचे डबे तिच्यावर आले. खालीं वर्षाच्या कुरडया-पापड गेले. दार आतां नीट मिटतें. सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, नवीं कपाटें राहूं द्या.” वाचकहो, आपल्या घरचें फडताळ दुरुस्त करण्यापूर्वीं त्यापुढें रोज कोण वाकतें, तें एकदां अवश्य पाहावें.