चेंडू आधी, शिकविणारा मागाहून

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचे फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावरून बेतलेले आहे. दिवाळीच्या सुट्टीत मामांबरोबर ते पाहिले, तेव्हा माझ्या मनात मात्र फुटबॉल घोळत होता. आमच्या कॉलेजच्या संघाला यंदा प्रशिक्षक नाही. ‘शिकविणार कोण?’ म्हणत निम्मी मुले मैदानाकडे फिरकेनाशी झाली आहेत.

मामा म्हणाले, “फाटक विलायतेच्या नमुन्यावर ओतून घेता येते रे, खेळाडू नाही.”

होळकरांनी क्रिकेटसाठी सी. के. नायडूंना इंदुरात आणले. पुढे होळकर संघाने चारदा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ मध्ये तर म्हैसूरविरुद्ध एकाच डावात सहा शतके ठोकली. (आमच्या कन्नड विभागाने क्षमा करावी!) फुटबॉलला असे राजाश्रयाचे भाग्य कुठले?

कलकत्त्याची कथा सांगतात ती अशी: १८७७ च्या सुमारास नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या शाळकरी मुलाने मित्रांकडून वर्गणी काढून चेंडू आणला. तो निघाला रग्बीचा! पोरे तोच लांबोडका चेंडू खुशाल लाथाडीत होती. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्रोफेसर स्टॅक यांनी ते पाहिले, पोरांना खरा फुटबॉल दिला आणि शिकविण्याचेही मनावर घेतले.

श्रीनगरात उलटा प्रकार. १८९१ मध्ये टिंडेल-बिस्कोसाहेबांनी मिशनच्या शाळेत फुटबॉल आणला. पण चेंडू चामड्याचा म्हणून पंडितांची मुले त्याला शिवेनात. साहेबांनी मैदानाभोवती काठ्या घेतलेले शिक्षक उभे केले! चेंडू एकाच्या तोंडावर आदळला. ‘बाटलो’ म्हणून रडारड झाली. साहेबांनी त्याला पाण्यावर तोंड धुवावयास पाठविले आणि खेळ पुढे चालू! आज ही जबरदस्ती खटकते.

आमच्याकडे काठीची गरज नाही, दुभाष्याची आहे. परवा सरावात एकजण कन्नडमध्ये ओरडला, “ओडु, ओडु!” म्हणजे ‘पळ’. चंदगडहून नव्याने आलेल्या गड्याने ते ‘ओढ’ असे ऐकले आणि समोरच्याचा सदराच ओढला!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हिशेब मांडावा तो एवढाच: शिकविणारा आहे पण पोरे नाहीत, तर काठ्या लागतात. पोरे असली, तर चेंडू चुकीचा असला तरी शिकविणारा वाट वाकडी करून येतो. म्हणून मित्रहो, उद्या संध्याकाळी पाच वाजता मैदानावर या. शिकविणारा येईल तेव्हा येईल. त्याला दिसावयास निदान अकराजण तरी हवेत.