बर्फाच्या गावी जाण्यापूर्वी

व्यापारी घराचे वर्ष पंचांगावर जितके चालते तितकेच खातेवहीवरही चालते. चातुर्मासात लांबचा प्रवास शक्यतो टाळावा, दिवाळीला वहीपूजन करावे, मग लग्नसराई सांभाळावी आणि फेब्रुवारी उजाडताच मार्चअखेरच्या हिशेबाला लागावे, हा क्रम आपल्या बहुतेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना पुठ्ठ्याचे खोके पुरविण्याचा आमचा व्यवसाय. कारखान्याची मागणी आली की आमची सुट्टी संपते. त्यामुळे वर्षाकाठी सर्व कुटुंबाला एकत्र मिळणारे मोकळे दिवस म्हणजे जानेवारीच्या अखेरचा, प्रजासत्ताक दिनाला लागून येणारा आठवडा.

यंदा त्या आठवड्याला निराळेच महत्त्व आले. कन्या नववीत आहे. पुढील वर्षी दहावी, त्यानंतर अकरावी-बारावी आणि मग कदाचित बाहेरगावचे शिक्षण. आईचे वय त्र्याहत्तर, आणि तिचे गुडघे दर हिवाळ्यात थोडे अधिक कुरकुरतात. घरातील नऊही माणसे एकत्र प्रवासाला निघतील असे हिवाळे आता मोजकेच उरले आहेत, हे कोणी बोलून दाखवले नाही, परंतु सर्वांच्या मनात ते होते. कन्येची मागणी एकच होती. तिला बर्फावरचे स्कीइंग शिकायचे होते.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात काही काळ कामाला आलेल्या एका युरोपीय अभियंत्याशी माझा परिचय होता. त्याच्या देशात मुले चालायला लागल्यावर लवकरच स्कीवर उभी राहतात. त्याने मला एकदा सांगितले होते की, नवशिक्याने शिखराची उंची पाहून ठिकाण निवडू नये. सौम्य उतार, चांगला शिक्षक आणि जवळ दवाखाना या तीनच गोष्टी पाहाव्यात. मालाची पारख शिकविणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांचे बोलणेही असेच असते. मी हा सल्ला वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि त्याखाली चार ठिकाणांची नावे मांडली.

पहिले नाव थोरल्या बंधूंनी सुचविलेले, स्वित्झर्लंड. तेथील उतार, पाळणे आणि शिकविण्याची व्यवस्था यांविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. खर्चाची बेरीजही कशीबशी बसली असती. परंतु आईने काही वर्षांपूर्वी दिग्व्रताची मर्यादा घेतली आहे. भारताच्या सीमेबाहेर पाऊल टाकायचे नाही, हा तिचा नियम. ती स्वतः एवढेच म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी स्थानकात रोज सामायिक करीन, दिवस कसे जातील ते कळायचेही नाही." तिने इतक्या सहजपणे स्वतःला वगळले, म्हणूनच ते नाव वहीतून खोडले गेले. खोडण्याचे काम बंधूंनीच केले.

दुसरे नाव गुलमर्ग. निव्वळ बर्फाच्या दृष्टीने पाहिले तर भारतात त्याला तोड नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर वसलेल्या या ठिकाणी गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. वरचे उतार निष्णातांचेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटूंना प्राण गमवावे लागले. खालचे पठार मात्र शिकाऊंसाठी उत्तम. बर्फाची खात्री तेथेही पूर्वीसारखी राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये, 'चिल्लई कलां' या कडाक्याच्या चाळीस दिवसांतही, ते पठार बराच काळ कोरडे होते, आणि २०२५ मधील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

परंतु आमच्या घरात गुलमर्गचा निर्णय बर्फावर झाला नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनमध्ये सव्वीस जणांची हत्या झाली, त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्या दिवसापासून वहिनींना त्या बाजूचे नावही सोसत नाही. मी माझ्या परीने बाजू मांडली. तेथे प्राण गमावलेल्यांत पर्यटकांना घोड्यावरून नेणारा एक स्थानिक तरुणही होता. गिऱ्हाईक अचानक नाहीसे झाले की दुकानदाराच्या घरात काय होते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. आपण गेलो तर कुणाची तरी चूल पेटेल. वहिनींनी सर्व शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे म्हणणे खरे आहे. पण मुले दोन तास दिसली नाहीत तर माझे काय होईल, ते मला ठाऊक आहे."

भीतीला आकडेवारीने उत्तर देता येत नाही. आपल्याकडे सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. त्याचा उच्चार आपण प्रवचनात ऐकतो, जीवदयेच्या कार्यात त्यासाठी देणगीही देतो. पण घरातल्याच माणसाला ते द्यायची वेळ आली, तर आपण वाद घालू लागतो. नऊ जणांपैकी एक जण आठ दिवस धास्तावलेला राहणार असेल, तर त्या प्रवासाला सहल म्हणता येणार नाही. गुलमर्गपुढे मी 'यंदा नको' असे लिहिले, कधीच नको असे नव्हे. वहिनी स्वतःहून म्हणतील त्या वर्षी जाऊ.

तिसरे नाव औली. उत्तराखंडातील हे उतार सुंदर, शिकण्याची सोय जुनी, आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील स्कीइंग तेथेच झालेले. मात्र औलीचा पायथा म्हणजे जोशीमठ. जानेवारी २०२३ मध्ये त्या गावची जमीन खचू लागली, आठशेहून अधिक घरांना तडे गेले आणि जोशीमठहून औलीला नेणारा, सुमारे चार किलोमीटरचा रोपवे बंद करावा लागला. हे गाव जुन्या दरडीच्या राशीवर वसले आहे आणि जड बांधकाम टाळावे, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. ऋषिकेशपासून सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता.

औलीच्या माहितीत आणखी एक गोष्ट वाचून मी थबकलो. त्या स्पर्धांसाठी तेथे कृत्रिम बर्फ फवारणारी यंत्रे बसविली होती. थंड हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवून बर्फ तयार करायचा, अशी ती पद्धत. युरोपातही आता अनेक उतार अशाच बर्फावर चालतात. ज्या शहरात कित्येक दिवसांआड नळाला पाणी येते, जेथे जायकवाडीत किती टक्के साठा आहे हे पावसाळ्यात लहान मुलेही विचारतात, तेथील माणसाला खेळासाठी पाणी फवारण्याची ही कल्पना पचणे अवघड आहे.

नेमक्या याच वेळी आईने तिचा प्रश्न विचारला. कन्या स्कीइंगचे चित्रण दाखवीत होती. आई कौतुकाने पाहत होती. मग तिने विचारले, "दव, हिम, गारा हे सारे अप्कायच ना? मग त्यावर घसरायचे कशासाठी?"

बैठकीत शांतता पसरली. उत्तर सोपे नव्हते. आपण गृहस्थ आहोत. स्नान करतो, स्वयंपाक करतो, अणुव्रतांच्या मर्यादेत जगतो, साधूंचे महाव्रत आपल्यावर नाही, एवढे मी म्हणालो. आई म्हणाली, "म्हणूनच तर श्रावकासाठी अनर्थदंड वेगळा सांगितला. गरजेपुरती हिंसा आणि विनाकारण हिंसा यांत फरक करायला."

उत्तर कन्येने दिले. ती म्हणाली, "आजी, मी शिकायला जाते आहे. बर्फाचे गोळे करून फेकायचे नाहीत, बर्फावर धावणाऱ्या मोटारी भाड्याने घ्यायच्या नाहीत, तीन दिवसांपेक्षा जास्त खेळायचे नाही. चालेल?" आई लगेच हो म्हणाली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मर्यादा तुझी तू घातलीस, हे चांगले." तिचा प्रश्न पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही. परंतु त्या क्षणापासून सहलीला एक चौकट मिळाली.

चौथे नाव मनाली आणि जवळचे सोलंग खोरे. स्कीइंगच्या जाणकाराने हे नाव कदाचित सर्वांत शेवटी घेतले असते. उतार आखूड, गर्दी पुष्कळ. पण मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे, म्हणजे आईला उंचीचा त्रास कमी; बर्फाचे उतार तेथून चौदा-पंधरा किलोमीटरवर, म्हणजे तिला खोलीच्या उबेत ठेवून मुलांना सकाळी जाता येते. १९६१ पासून मनालीत गिर्यारोहणाची शासकीय संस्था आहे, त्यामुळे शिकविणाऱ्यांची परंपराही आहे. सोलंगला बर्फ नसलाच तर २०२० मध्ये खुला झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये जाऊन तो पाहता येतो. आपल्याकडून सचखंड एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत आणि पुढे रस्त्याने. ऑगस्ट २०२५ च्या पुरात बियास नदीने हा रस्ता ठिकठिकाणी खचविला होता, म्हणून घाटातील प्रवास दिवसाउजेडीच करायचा आणि एक दिवस हाताशी राखायचा, असे ठरविले.

बाकीची तयारी आपल्या घरांना सवयीची. बर्फावरचे शिक्षण दुपारी चारपर्यंत आटोपते, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे भोजन सहज साधते. डोंगराआड सूर्य लवकर दडतो, पण आई पंचांगातील वेळच धरणार. कंदमुळाविना भोजन मनालीत मागितले की समजते. तरी खाकरे, मेथीचे ठेपले आणि भाजलेले मुरमुरे बरोबर असतीलच. एका वस्तूची मात्र प्रत्येकाने चौकशी करावी असे सुचवितो. थंडीच्या जाड कोटांपैकी 'डाऊन' म्हणविणाऱ्यांत हंस-बदकांची पिसे भरलेली असतात. कृत्रिम तंतू भरलेले कोटही तितकेच सहज मिळतात, किंमतही बहुधा कमी असते. हातमोजे व बूट चामड्याचे नाहीत ना, हेही दुकानातच विचारून घ्यावे.

माल घेताना आपण सर्वोत्तम नग निवडतो. ही निवड करताना मात्र मला वेगळे माप वापरावे लागले: घरातील ज्या माणसाला सर्वांत जड जाईल, त्याला ती पेलेल का? कन्येने उत्तम बर्फ सोडला, बंधूंनी परदेश सोडला, आईने घरी राहण्याचा हट्ट सोडला. वहिनींनी भीती सोडली नाही, आणि ती सोडण्यास कोणी त्यांना भागही पाडले नाही. तिकिटे नऊ काढली आहेत. आईने तिच्या पिशवीत आसन, मुहपत्ती आणि माळ आताच भरून ठेवली आहे. परतल्यावर प्रतिक्रमणात त्या तीन दिवसांच्या बर्फाची आठवण ठेवायची, असे तिने नातीकडून कबूल करून घेतले आहे.